आडवी ओळ

त्या मंगळवारी झेरॉक्सचं दुकान उघडलं नाही. साडेदहाला काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "बाई, हे गेले." मी शाळेत होते. फळ्यावर तारीख लिहून झाली होती. वर्गाला वाचन दिलं आणि निघाले.

काकांचं दुकान किलवणी नाक्यावरून आत वळलं की डाव्या हाताला. एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, एक स्टूल. चौथी वस्तू ठेवायची तर काकांनी बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. वर मराठी, गुजराती आणि हिंदीत 'झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन' अशी पाटी. तिच्या खाली पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेलं: 'नागरी व खासगी हक्क पक्ष. आत या. नाव सांगायची गरज नाही.'

मी सिल्वासात शिक्षिका म्हणून आले तेव्हा मला माणसांपेक्षा पुस्तकांची ओळख जास्त होती. कोकणातून आलेली, एकटी, फारसं न बोलणारी. या दुकानात पहिल्यांदा गेले ती वर्गातल्या मुलांच्या ओळखपत्रांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येकाची एक प्रत काढून द्यायची होती. काकांनी गठ्ठा हातात घेतला, पण मशीन चालू केलं नाही.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"शाळेत मागितल्यात."

"शाळेला कशासाठी?"

"वरून मागितल्यात."

"वर कोण?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"तुम्ही काय शिकवता?"

"मराठी."

"मग बाई, 'वरून' हे अव्यय आहे. माणूस नाही. अव्ययाला मुलांचे कागद देऊ नयेत."

मी तो गठ्ठा घेऊन चिडून परत गेले. हेडसरांना विचारलं, त्यांनी आणखी कुणाला विचारलं, आणि दोन दिवसांनी असं कळलं की मागणी फक्त नव्यानं दाखल झालेल्या मुलांची होती. तशी चारच मुलं होती. चार कागद घेऊन पुन्हा गेले, तेव्हा काकांनी एका शब्दानंही शेखी मिरवली नाही. चार प्रती काढल्या, आणि प्रत्येक प्रतीवर निळ्या पेनानं, कागद आडवा धरून, छापील मजकुराच्या अंगावरून एक ओळ लिहिली: 'फक्त शाळेतील नोंदणीसाठी.' खाली तारीख.

ही आडवी ओळ म्हणजे काका. सिमकार्ड असो, भाडेकरार असो, कंपनीतली नोकरी असो, त्यांच्या दुकानातून कुठल्याही माणसाची ओळख ओळीशिवाय बाहेर पडत नसे. "कोरी प्रत म्हणजे सही केलेला कोरा कागद," असं ते म्हणत. गिऱ्हाईक घाईत असे. शिफ्टची बस सुटायला आलेली असे. "काका, जल्दी करो ना," असं कुणी म्हटलं की ते आणखी सावकाश लिहीत. पुष्कळ लोक समोरच्या दुकानात जात. तिथं कुणी काही विचारत नसे.

त्यांच्या सवयी लोकांच्या करमणुकीचा विषय होत्या. फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर ते काकूंची टिकली चिकटवत. "फोनलाही सवाष्ण केलंत का हो?" असं काकू विचारत, आणि टिकल्यांचं पाकीट लपवून ठेवत. औषधांच्या दुकानात मोबाइल नंबर मागितला की ते म्हणत, "सर्दी मला झालीय, फोनला नाही." कुणी प्रिंटसाठी फोनवरून कागद पाठवला की प्रिंट झाल्याबरोबर स्क्रीन त्याच्यासमोर धरत: "बघा, पुसलं. बघितलंत ना? आता जा."

बिघडलेल्या प्रती ते फाडून पाण्याच्या बादलीत टाकत. चार दिवसांनी काकू त्याचा लगदा करीत, त्यात मेथीची पूड घालून पातेल्यावर थापत आणि टोपल्या करीत. आमच्याकडे कोकणात बायका अशाच टोपल्या करायच्या, म्हणून मला त्या वासानं घरी आल्यासारखं वाटे. एक टोपली माझ्या टेबलावर आहे. तिच्यात मी खडू ठेवते. नीट पाहिलं तर कुठे एखादा आकडा दिसतो, कुठे अर्धा कान. पण कुणाचा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते सरकारी कचेरीत कारकून होते. तीस वर्षं समोरच्या माणसाला 'तीन प्रती आणा' म्हणण्यात गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी एका गाडीवरून त्यांनी कांदाभजी घेतली. भजी खाऊन झाल्यावर सवयीनं कागद वाचला. घरकुलाचा अर्ज होता. सुरंगी गावातल्या एका बाईचा. फोटो, घरातल्या माणसांची नावं, आणि खाली निळ्या शाईतला अंगठा, एकेक रेघ मोजता येईल इतका स्वच्छ. कोपऱ्यात शेरा होता: 'पाहिले.' त्याखाली सही होती ती काकांचीच.

"मी पाहिलं नव्हतं, बाई," ते मला म्हणाले. "लिहिलं होतं फक्त."

दुसऱ्या दिवशी ते टेम्पोत बसून सुरंगीला गेले. कागद टिपकागदात गुंडाळून नेला होता. बाई अंगणात सुपात नागली पाखडत होती. काकांनी तेलकट कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा तुमचा. परत द्यायला आलोय."

तिकडे लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात. तिनं कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "परत देतस? मंग घेतलास कशाला?"

काका म्हणाले, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कचेरीतला एकही माणूस ते देऊ शकला नसता. तिनं त्यांना कोरा चहा दिला, कागद वाशात खोचून ठेवला आणि पुन्हा पाखडायला लागली. काका परत आले ते तिचा प्रश्न घेऊन. त्याच महिन्यात त्यांनी दुकान काढलं, आणि वर्षभरात पक्ष.

पक्षाच्या नावावरून फार थट्टा झाली. "काका, खासगी पार्टी आहे म्हणे? जेवायला काय?" असं नाक्यावरचा प्रत्येक माणूस एकदा तरी म्हणाला असेल. मागण्या साध्या होत्या. माणसाबद्दलची माहिती घेताना कारण सांगा. काम झालं की पुसा. मशीन नाही म्हणालं तर माणसानं माणसाशी बोलावं. कुणाला विचारल्याशिवाय कुणाचं काही घेऊ नये. काका हे कागदावर छापून वाटत, आणि खाली लिहीत: 'हे पत्रक वाचल्याचं आम्हाला कळवू नका.'

सभा रविवारी दुकानासमोर भरे. आम्ही दहाअकरा माणसं. त्यात धुळ्याकडचा एक सुपरवायझर होता, धाग्याच्या कंपनीतला. आम्ही त्याला धुळेकरच म्हणत असू. त्याच्या कंपनीनं फोनमध्ये एक ॲप टाकायला सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशीही माणूस कुठे आहे ते त्यात दिसायचं. "मी सासरवाडीले जाऊ का नको, ते आता मॅनेजरले इचारनं पडी," असं त्यानं पहिल्या सभेत सांगितलं, आणि आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी त्याला अर्ज लिहून दिला. पहिलं वाक्य होतं, 'सदर माहिती कशासाठी हवी, ते कळावे.' महिनाभरानं ॲप फक्त कामाच्या वेळेपुरतं झालं. धुळेकर तेव्हापासून पक्षाचा झाला.

झाला, असं मी म्हणते. पण कागदोपत्री पक्षाचं कुणीच नव्हतं, कारण काका सभासदांची यादी ठेवत नसत. नोंदणीला यादी लागते, म्हणून पक्षाची नोंदणीही कधी झाली नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीला काका अपक्ष म्हणून उभे राहिले. "पक्षाचा अपक्ष," धुळेकर म्हणाला. चिन्ह मिळालं लिफाफा. काकांना इतका आनंद मी कधी झालेला पाहिला नाही. "बंद लिफाफा!" ते म्हणत होते. "जाहीरनामा छापायची गरजच नाही."

आमच्यापैकी त्या वॉर्डात मत असलेली माणसं, काका-काकू धरून, नऊ होती. निकाल लागला. काकांना सात मतं पडली.

मतमोजणीहून आम्ही दुकानात परतलो तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हतं. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका. मी लिफाफाच दाबलाय." धुळेकर म्हणाला, "कोन व्हतात ते दोन्ही? आताच सांगी टाका, मी काही करत नही."

काका स्टुलावर उभे राहिले. ते उभे राहिले की डोकं छताला लागे.

"कुणीही काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "अहो, नऊ माणसं आहोत. रोज भेटतो. एकमेकांच्या घरी जेवतो. आणि तरीही मला कळू शकत नाही, कुणी मत दिलं नाही ते. याच्यासाठीच तर आपण भांडतोय! हे चालतंय. हे अजून चालतंय, बघा!"

मग त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. पुढे कधीही, थट्टेतसुद्धा, त्यांनी तो विषय काढला नाही. त्या दोनांतलं एक मत माझं होतं का, हे मी इथं लिहिणार नाही. काका असते तर ही एवढी ओळही त्यांनी खोडायला लावली असती.

त्यांची चूक झाली ती याच तत्त्वापायी, आणि ती मला सांगितली पाहिजे.

सुरंगीच्या त्या बाईचं, आम्ही त्यांना मावशी म्हणायला लागलो होतो, रेशनचं धान्य बंद झालं. अंगठा मशीनवर उठेना. भात लावून, बांबू सोलून, लाकडं वाहून बोटावरच्या रेघा गेल्या होत्या. काका मला घेऊन तिथं गेले. वाशातला जुना कागद काढला. कागदावरचा अंगठा अजून स्वच्छ होता. मावशींच्या हातावरचा अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

"सरकारनं घेतला तेव्हा चांगला होता," काका म्हणाले.

आम्ही तिघं रेशन दुकानात गेलो. मावशींनी अंगठा ठेवला, पुसला, पदराला घासला, पुन्हा ठेवला. मशीननं प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. दुकानदार गुजराती, माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "काका, हूं शुं करूं? मशीन ना पाडे छे."

"मशीनला नाही म्हणायचा अधिकार कुणी दिला?" काका म्हणाले. "तुम्ही यांना ओळखता की नाही?"

"ओळखतो ना. न्हानपणापासून ओळखतो."

"मग?"

"मी ओळखून काय फायदा, काका?"

तेव्हापासून महिनाभर काका धान्यवाटपाच्या दर दिवशी तिथं जाऊन बसले. मशीननं कुणाला परत पाठवलं की वहीत एक रेघ मारायची. चार रेघा, पाचवी आडवी. नाव नाही, गाव नाही, काही नाही. महिन्याच्या शेवटी वही घेऊन ते कचेरीत गेले. त्यांच्याच जुन्या कचेरीत, नव्या अधिकाऱ्यापुढे. पोरगेलासा अधिकारी होता. त्यानं काकांना बसायला खुर्ची दिली, वही पाहिली आणि म्हणाला, "नावं द्या. आजच्या आज बघतो."

"नावं देता येणार नाहीत," काका म्हणाले. "ती त्यांची आहेत."

"मग काका, धान्य कुणाला देऊ? रेघांना?"

काका दुकानात परत आले आणि मला हे जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा मावशींचं धान्य बंद होऊन तिसरा महिना होता. सुनेच्या ताटातलं अर्धं त्या खात होत्या आणि सून म्हणत होती की मला भूकच नसते. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला.

"त्यांची चूल विझत आलीय, आणि तुम्ही त्यांचं नाव जपताय? कुणी सांगितलंय तुम्हाला जपायला?"

काकांनी एक कागद मशीनवर उलटा ठेवला, कोरी प्रत आली. ती बराच वेळ हातात धरून बसले.

रविवारी सभा रद्द केली आणि आम्ही सुरंगीला गेलो. मावशी अंगणात होत्या. काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"मावशी, तुमचं नाव लिहू का? कचेरीत द्यायचंय."

"कशाला?"

"धान्य सुरू व्हायला."

"मंग लिव की! इतकं दिस काय करत व्हतास?"

"तुम्हाला विचारलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही."

मावशींनी सूप खाली ठेवलं. "मंग इचारायचा व्हता! तोंड नाय का तुला?"

सून घरात हसली. काकाही हसले, पण डोळे पुसत. मग मावशींनीच पाड्यावरून हाका मारून बायका गोळा केल्या. ज्यांचा अंगठा उठत नव्हता अशा सतरा जणी आल्या. काका प्रत्येकीला विचारत होते, "तुमचं नाव लिहू का?" प्रत्येकीला कारण सांगत होते. 'हो' म्हटल्यावर लिहीत होते, आणि मग कागद आडवा करून ओळ: 'फक्त धान्याच्या या अर्जासाठी.' ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवत होते. एकीनं नको म्हटलं. तिचं लिहिलं नाही. ती बाजूला बसून शेवटपर्यंत बघत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "लिव माझा पन."

परतीच्या टेम्पोत काका म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी न विचारता घेतलं. मग न विचारता लपवलं. तिला विचारलं कुणी? तोंड नाय का मला!" आणि हे शेवटचं वाक्य ते नाक्यापर्यंत पुन्हा पुन्हा म्हणत होते, मावशींच्या सुरात.

अधिकाऱ्यानं अर्ज वाचले. प्रत्येक कागद वाचताना त्याला मान आडवी करावी लागत होती. "हे आडवं काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "अट." त्यानं फायली काढायला लावल्या. अंगठा उठला नाही तर वहीत नोंद करून धान्य द्यावं, असा आदेश आधीपासूनच होता. कुणी तो दुकानापर्यंत पोचवला नव्हता. काकांनी त्याची प्रत काढली. त्यांच्या दुकानातून आडव्या ओळीशिवाय बाहेर गेलेला तो एकच कागद. "हा सगळ्यांचा आहे," ते म्हणाले, "सगळ्यासाठी."

दुकानदारानं वही सुरू केली तेव्हा आम्ही तिथं होतो. मावशींची नोंद पहिली. धान्य पिशवीत पडलं. पिशवी उचलण्याआधी मावशींनी वहीवर बोट ठेवलं आणि दुकानदाराला विचारलं, "ही वही कशाला रं?"

"तमारा अनाजसाठी, मावशी."

"दुसरं काय नाय ना? मंग तसं लिव वर."

दुकानदारानं काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते. त्यानं निमूट पेन घेतलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं.

यानंतर काका दोन वर्षं जगले. पक्षाची माणसं वाढली असावीत. नक्की सांगता येत नाही, यादी नाही. पण ते गेले त्या दिवशी स्मशानात इतकी माणसं होती की धुळेकर माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, या सगळा जर मतदार राहतात ना..." मावशी पाड्यावरच्या बायका घेऊन टेम्पोनं आल्या होत्या. कुणी त्यांना विचारलं, तुम्ही कोण लागता. त्या म्हणाल्या, "तो माझा कागूद घेऊन आला व्हता."

मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांच्या ओळखपत्राची प्रत हवी होती. समोरच्या दुकानात जायला आम्हा दोघींचेही पाय उचलेनात. काकूंनी शटर अर्धं वर केलं. आम्ही वाकून आत गेलो. मशीन तापायला वेळ लागतो तेवढा लागला. मी ओळखपत्र पुढं केलं. काकूंनी ते हातात घेतलं, आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशासाठी?"

मी कारण सांगितलं. काकूंनी प्रत काढली, निळं पेन घेतलं, कागद आडवा केला आणि काकांच्या फोटोच्या अंगावरून ते कारण लिहिलं. खाली तारीख घातली.

दुकान आता काकू चालवतात. टिकल्यांचं पाकीट मशीनवर उघडंच असतं. मी रविवारी जाते. सुरंगीच्या रेशन दुकानात मशीनशेजारी वही आहे. तिला सुतळीनं पेन बांधलेलं आहे. पुठ्ठ्यावर 'फक्त अनाज माटे', म्हणजे फक्त धान्यासाठी, असं लिहिलेलं आहे. पहिली वही भरली. ही दुसरी.